आमदारसाहेब, तुमच्या फोनाशिवाय चालू दे

गोवा विधानसभेच्या चाळीसही सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सत्तरी तालुक्यात घरी कोणाच्या छातीत कळ आली की पहिला फोन १०८ ला जातो आणि दुसरा तुमच्यापैकी कोणाला तरी. साहेब उचलतात, नाहीतर त्यांचा पीए उचलतो. मग इस्पितळात कोणीतरी कोणाला तरी सांगतं, खाट मिळते, स्कॅनची तारीख अलीकडे येते, आणि पेशंट बरा होऊन घरी आला की ते कुटुंब पुढच्या निवडणुकीपर्यंत तुमचं नाव घेतं. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली तेव्हा हे मी सारखं पाहिलं. तुम्ही फोन करता त्यात वाईट काही नाही. माणूस मरणाच्या दारात असताना कोणीही तेच करील. पण ज्याच्याकडे तुमचा नंबर नाही, किंवा ज्याच्या वाड्यावर मोबाईलची रेंजच येत नाही, त्याचं पुढे काय होतं हे तुमच्या कानावर कधी पडत नाही. हे पत्र त्याच्यासाठी लिहिते आहे.

आधी जे आहे ते मान्य करते. गोव्यात सरकारी उपचार मिळतात आणि चांगले मिळतात. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीला आहे. म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, फोंड्याला आणि चिखलीला उपजिल्हा इस्पितळं आहेत, तालुक्यांत सामाजिक आरोग्य केंद्रं आहेत. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं. घाटापलीकडच्या माझ्या नातेवाईकांना हे सांगितलं की त्यांना हेवा वाटतो. पैशांअभावी ऑपरेशन राहिलं असं आमच्याकडे आता फारसं ऐकू येत नाही. राहतं ते गाडीअभावी.

कसं, ते सांगते. आमच्या भागातल्या एका वाड्यावरची एक आजी. वय सत्तरीच्या पुढे, गेली कित्येक वर्षं मधुमेह, पायाला जखम झाली म्हणून तिला मोठ्या इस्पितळात पाठवलेलं. पुढच्या खेपेला साखरेच्या दोन तपासण्या करून यायला सांगितलं होतं, एक उपाशीपोटी आणि एक जेवल्यावर दोन तासांनी. कागदावर किती साधी गोष्ट. आता तिचा दिवस बघा. रात्री आठला पेज पिऊन झोपली. सकाळची पहिली कदंब, म्हणजे सरकारी बस, पकडून तालुक्याच्या गावी वाळपईला आली, तिथून पणजी, पणजी स्टँडवर गाडी बदलून इस्पितळ. केस पेपरची रांग, मग रक्त देण्याची रांग. सुईने रक्त काढलं तेव्हा तिच्या पोटात पंधरा तास अन्न नव्हतं. मधुमेहाच्या म्हातारीने पंधरा तास उपाशी राहणं म्हणजे काय, हे तुमच्यात जे डॉक्टर आहेत त्यांना विचारा. घाम फुटला, हात थरथरायला लागले. बरोबरच्या सुनेने डब्यातली भाकरी तिला तिथेच बाकावर भरवली. त्यानंतर दोन तास थांबून दुसरं रक्त. तोवर ओपीडी आटोपली होती. रिपोर्ट घेऊन अमुक वारी या, म्हणून सांगितलं. पणजीहून वाळपईपर्यंत त्या पोचल्या, पण वाड्याकडे जाणारी संध्याकाळची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्र ओळखीच्या घरी काढली.

यात कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. नर्सने पाणी आणून दिलं, डॉक्टरने नीट तपासलं. तपासणीही फुकट, गोळ्याही फुकट. तरीही अमुक वारी ती गेली नाही, आणि त्याच्या पुढच्या वारीही नाही. सुनेची काजूतली मजुरी दोन दिवस बुडाली होती. तिसऱ्या दिवसाचं घरात कोणाला परवडणार नव्हतं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २००० रुपये आजीला मिळतात; भाड्याची गाडी केली तर तो सगळा महिना एका फेरीत जातो. जखम चिघळली. पुढे तिचं बोट काढावं लागलं. इस्पितळाच्या वहीत तिच्यासारख्यांची नोंद ‘रुग्ण फेरतपासणीला आला नाही’ अशीच होणार, आणि वाचणाऱ्याला वाटणार की लोक बेफिकीर आहेत.

आता मला सांगा, ते उपाशीपोटीचं रक्त तिच्या वाड्यापासून जवळच्या उपकेंद्रात सकाळी सातला काढून वाळपईला पाठवायला काय अडचण होती? शिवाय एचबीए१सी नावाची तपासणी आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, तिला उपाशी राहावंच लागत नाही. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज होऊ शकते. रिपोर्ट फोनवर जाऊ शकतो. माणसाला जायची गरज नसते तिथेसुद्धा आपण माणसालाच पाठवतो.

बरं, हे आपल्याला जमत नाही असंही नाही. २०१८ च्या अखेरीस गोव्यात हृदयविकारासाठी स्टेमी प्रकल्प सुरू झाला. तालुक्याच्या केंद्रात ईसीजी काढायचा, तो तिथल्या तिथे गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवायचा, त्यांनी सांगितलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच टोचायचं आणि मग पेशंटला बांबोळीला हलवायचं. बाजारात ते इंजेक्शन गरिबाच्या आवाक्याबाहेरचं आहे, इथे फुकट मिळतं. हृदयाच्या स्नायूला मिनिटामिनिटाचा हिशेब असतो, त्यामुळे पन्नास किलोमीटर गाडीत गेलेला वेळ म्हणजे गेलेलं हृदय. या एका योजनेने किती घरं वाचली असतील! आणि त्यासाठी कोणाला तुम्हाला फोन करावा लागला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. ईसीजीची रेघ बघून ठरतं, चिठ्ठी बघून नाही. मग हीच रीत मधुमेहाला, फिटच्या आजाराला, दम्याला, मानसिक आजाराला का नको? तज्ज्ञ बांबोळीलाच बसू दे. त्याचा सल्ला वाळपईला, सांगेला, काणकोणला पोचू दे.

मानसिक आजारांचं तर मला फारच लागतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतून दर महिन्याला गोळ्या आणणारी माणसं आमच्या प्रत्येक गावात आहेत. एक खेप चुकली की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की आजार उलटतो, मग शेजारी म्हणतात याच्यावर काही केलंय. यावरचा एक उपाय गोव्यातच करून पाहिलेला आहे: ‘संगाथ’ संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करवून घेतले आणि सरकारी केंद्रांत त्याचा गुण आला. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. परदेशातले लोक त्याचे दाखले देतात. तुम्ही आपल्या मतदारसंघातल्या आरोग्य केंद्रात जाऊन एकदा विचारा, समुपदेशक आठवड्यातून किती दिवस बसतो म्हणून.

गोळ्यांचंही तसंच. ज्याचा रक्तदाब वर्षभर आटोक्यात आहे त्याला दर महिन्याला रांगेत कशाला उभं करायचं? २०२० च्या टाळेबंदीत जुनाट आजारांची तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम द्यायला केंद्र सरकारनेच मुभा दिली होती. आभाळ कोसळलं नव्हतं. साथ गेली आणि रांगा मात्र परत आल्या.

एक सांगते, आमचं वाळपई त्यातल्या त्यात नशीबवान. आरोग्य खातं बरीच वर्षं वाळपईच्याच आमदारांकडे राहिलेलं आहे आणि इथे सोयी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तालुक्याला इस्पितळ चांगलं मिळावं म्हणून तालुक्यातून आरोग्यमंत्रीच निवडून यावा लागत असेल, तर बाकीच्या अकरा तालुक्यांनी काय करायचं? नेत्रावळीच्या अभयारण्यातल्या वेर्ले, तुडव, साळजिणी या गावांनी काय करायचं? खोतीगावच्या जंगलातल्या वेळीप आदिवासी कुटुंबांनी काय करायचं? काणकोणमध्ये मूत्रपिंडाचा आजार वर्षानुवर्षं लोकांना पोखरतो आहे. तिथल्या आरोग्य केंद्रात डायलिसिस मिळायला लागलं तेव्हा कुठे आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तासांसाठी मडगाव गाठणाऱ्यांची सुटका झाली. जवळ आणलेली सोय म्हणजे काय असतं, ते त्यांना विचारा.

आता नियमाचं. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक केंद्र, ८०,००० मागे एक सामाजिक केंद्र, असा देशाचा निकष आहे. सपाटीवर हेच आकडे ५०००, ३०,००० आणि १,२०,०००. या हिशेबाने गोवा पास होतो, चांगल्या गुणांनी होतो. पण धनगरांचा पंधरा घरांचा वाडा कुठल्याच तीन हजारांत ठळक दिसत नाही. पावसात ओहोळ भरला की तो वाडा नकाशावर असतो तिथून दुप्पट लांब जातो. डोकी मोजण्याऐवजी वेळ मोजा. गोव्यातल्या कुठल्याही घरातून सरकारी वाहनाने किंवा सरकारी बसने तासाभरात डॉक्टरपर्यंत पोचता आलं पाहिजे, असा निकष तुम्ही या सभागृहात करू शकता. एवढंसं राज्य आहे आपलं. इथे नाही जमलं तर कुठे जमणार?

आणि परत येणं? त्याचा विचार तर कोणीच करत नाही. १०८ ची गाडी २००८ पासून धावते आहे, तिच्यावर काम करणाऱ्या मुलांना माझा नमस्कार. ती नेते, पण आणत नाही, कारण ते तिचं काम नाही. संध्याकाळी डिस्चार्ज मिळालेला, पोटाला टाके असलेला माणूस बसमध्ये उभा राहून घाटातलं वळण घेताना मी पाहिलेला आहे. घरी पोचवण्याची सोय सरकारला नवी नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला इस्पितळातून घरापर्यंत फुकट सोडायची तरतूद आहे. ती बाळंतिणीला लागू पडते, तर ऑपरेशन झालेल्या मजुराला आणि डायलिसिस करून थकलेल्या म्हाताऱ्याला का लागू पडू नये? तुमच्यापैकी काहींनी मतदारसंघात स्वतःच्या फोटोच्या रुग्णवाहिका ठेवल्या आहेत. त्या उपयोगी पडतात, खोटं कशाला बोलू. पण ती गाडी मागायला जाणारा माणूस आधी विचार करतो की गेल्या वेळी आपण कोणाच्या सभेला गेलो होतो. रुग्णवाहिकेवर खात्याचं नाव असलं की हा विचार करावा लागत नाही.

सरकार स्वतः दारात आलं तर काय होतं, तेही आम्ही पाहिलंय. २०१५ साली सत्तरीत पाली गावाच्या बाजूला माकडताप आला. माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणायला लागली. गोचिडीच्या चाव्यातून येणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात चढतो, म्हणजे बायका बागायतीत बोंडू गोळा करायला आणि पातेरा झाडायला जातात तेव्हाच. सुरुवातीला रक्ताचे नमुने राज्याबाहेर जायचे आणि लोक घाबरून काजू टाकून घरी बसले होते. मग आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला चोळायचं तेल दिलं, ताप आलेल्यांच्या याद्या केल्या, लस टोचली. ती जुनी लस नंतर फारशी परिणामकारक नाही असं ठरून बंद झाली, ते वेगळं. पण त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या एकाही घराने तेलासाठी आमदाराला फोन केला नाही. नर्स दारात येऊन तेल देत होती.

याच्या उलट तुमची महाआरोग्य शिबिरं. मंडप, खुर्च्या, सत्कार, रक्तदाब तपासणी, चष्मे. रक्तदाब जास्त निघाला की ‘आपल्या केंद्रात दाखवा’ म्हणून चिठ्ठी. त्या दिवशी केंद्रात दाखवायला गेलं तर तिथली नर्स कुठे? शिबिरात टेबलावर. मी स्वतः त्या टेबलावर बसलेली आहे, नारळ-शालीचे सत्कार संपेपर्यंत पेशंटांना थांबवून ठेवायला सांगितलं गेलेलं आहे. एवढ्या खर्चात दोन उपकेंद्रांना वर्षभर रक्त तपासणीचं साहित्य आलं असतं की नाही, ते तुम्हीच हिशेब करून बघा.

एक विषय असा आहे की तो काढला की तुमच्यातले बरेच जण गप्प होतात, कारण त्यात मतं नाहीत. दीनदयाळचं कार्ड हवं तर गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. नियमाला माझा विरोध नाही. राज्याची तिजोरी राज्यातल्या माणसांसाठी. पण आपली घरं बांधणारे, आपली मासळी उतरवणारे कामगार चार वर्षांत आजारी पडतात तेव्हा काय? २०२४ च्या पावसाळ्यात कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरच्या कामगारांत कॉलरा पसरला आणि काही जण दगावले. दाटीवाटीने होड्यांवर राहणारी माणसं, धड शौचालय नाही, प्यायला धड पाणी नाही. कॉलरा मामलेदाराचा रहिवासी दाखला बघत नाही, आणि त्याच मासळीची टोपली तुमच्या-माझ्या घरी येते. जेटीवर, बांधकामांच्या झोपड्यांवर ठरलेल्या दिवशी आरोग्य पथक जायला कार्ड लागत नाही, फक्त गाडी आणि दोन माणसं लागतात. तातडीचे उपचार सरकारी इस्पितळाने नाकारले तर तो जगण्याच्या हक्काचा भंग ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगून ठेवलंय.

इथे थोडं घरचं बोलते. माझं माहेर हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचं. २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू झालं तेव्हा तिकडे आंदोलन पेटलं होतं आणि सासर-माहेरच्या मध्ये माझी चांगलीच गोची झाली होती. सिंधुदुर्गात चांगलं इस्पितळ उभं करणं हे महाराष्ट्राचं काम, हे मी भावालाही तोंडावर सांगितलं. पण तिळारी धरणाचं पाणी आपण डिचोली-बार्देशात पितो, ते तिकडूनच येतं. रक्ताळलेल्या माणसाला दारात आधी गाव विचारू नये, बिल नंतर दोन सरकारांनी आपसात भागवावं, एवढं तरी.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर खेडेगावात राहायला तयार नाहीत. खरंच आहे, नाहीत. क्वार्टर गळतं, मुलांची शाळा लांब, संध्याकाळी सातनंतर सोबतीला फक्त रातकिडे. मग राहायला सांगूच नका. फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांचे वार ठरवा, गावात फलक लावा, आणि गाडी त्यांच्यासाठी पाठवा. शंभर पेशंटांनी बांबोळीला जाण्यापेक्षा एका डॉक्टरने आमच्याकडे यावं, हे पेट्रोलच्या हिशेबानेसुद्धा स्वस्त पडतं. आणि कदंबच्या वेळापत्रकाशी ओपीडीची वेळ जुळवा. आरोग्य खातं आणि वाहतूक खातं दोन्ही एकाच मंत्रिमंडळात बसतात, तर एवढी गोष्ट एका चहाच्या कपावर व्हायला हवी.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. पैसे मागत नाही, इमारतही मागत नाही. पुढच्या अधिवेशनात प्रश्न टाका. आरोग्यावर किती कोटी खर्च झाले हे विचारू नका, त्याचं उत्तर खातं पाठ करून येतं. विचारा की गेल्या वर्षी प्रत्येक सामाजिक आरोग्य केंद्रात या चार तज्ज्ञांपैकी प्रत्येक जण प्रत्यक्ष किती दिवस हजर होता. त्या केंद्रातून बांबोळीला किती रुग्ण पाठवले आणि त्यातल्या किती जणांवर तिथेच उपचार होऊ शकले असते. डिस्चार्ज मिळालेल्यांपैकी किती जण फेरतपासणीला परत आले, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी कोणी गेलं का. सत्ताधारी असाल तरी विचारा. मंत्री रागावणार नाहीत, आणि रागावले तर आम्ही आहोत.

उत्तर आलं की ते विधानसभेच्या कपाटात ठेवू नका. तुमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या आणि पंचायतीच्या फलकावर त्या केंद्राचे आकडे मराठीत आणि कोंकणीत लागू दे. दर तीन महिन्यांनी नवे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
सत्तरी, गोवा